जेरी क्वॉरीला कोणी थांबवायला हवं होतं?

पाऊलवाट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. दोन वर्षं बॉक्सिंग शिकतोय आणि अंगाने असा वाढलाय की हेवीवेटशिवाय त्याला दुसरं काही सुचत नाही. त्याच्या नादाने मीही जुन्या लढती बघायला लागलो. गेल्या आठवड्यात त्याने मला जेरी क्वॉरी हा जुना अमेरिकी हेवीवेट बॉक्सर दाखवला. डिसेंबर १९७३, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर अर्नी शेव्हर्स. शेव्हर्सच्या ठोशाला त्या काळी सगळे हेवीवेट टरकून असायचे. क्वॉरीने त्याला पहिल्याच फेरीत गारद केलं. भाचा पलंगावर उभा राहून ओरडत होता.

मग रात्री मी एकट्याने पुढचं वाचलं. १९७५ मध्ये केन नॉर्टनकडून हरल्यावर क्वॉरी निवृत्त झाला. १९७७ मध्ये परत आला, एक लढत जिंकला, थांबला. १९८३ मध्ये परत आला, दोन लढती खेळला, थांबला. आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोरा शहरात सहा फेऱ्यांची लढत खेळला आणि हरला. मानधन १,०५० डॉलर. ज्या माणसाने मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर या जगज्जेत्यांशी प्रत्येकी दोनदा दोन हात केले, त्याला एक हजार पन्नास डॉलर. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याला स्वतःचे कपडे घालता येईनात. ३ जानेवारी १९९९ ला तो गेला तेव्हा ५३ वर्षांचा होता.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. या माणसाला थांबवायचं काम कोणाचं होतं? त्याचं स्वतःचं, घरच्यांचं, डॉक्टरांचं, की सरकारचं? जाणकारांनी कृपया लिहावं. भाच्याशी बोलायचंय, आणि अर्धवट माहितीवर बोलायचं नाहीये.

जुनाचाहता
पाऊलवाट, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. क्वॉरीचं नाव घेणारं कोणी भेटलं की मला बोलत राहावंसं वाटतं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

जन्म १९४५, बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया. ओक्लाहोमा-टेक्सासकडे धुळीची वादळं आणि दुष्काळ आला तेव्हा हजारो कुटुंबं पोटासाठी पश्चिमेकडे निघाली, त्यांतलंच हे घर. बाप जॅक क्वॉरी. त्याच्या एका हाताच्या बोटांवर ‘हार्ड’ आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर ‘लक’ असं गोंदलेलं होतं. त्याने पोरांच्या हातात ग्लोव्हज दिले तेव्हा ती पोरं अगदी लहान होती. घराचं ब्रीद एकच, क्वॉरी कधी माघार घेत नाही. हे ब्रीद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६५ ला जेरीने कॅन्सस सिटीत राष्ट्रीय गोल्डन ग्लोव्हज ही हौशी बॉक्सरांची स्पर्धा जिंकली, पाचही लढती नॉकआउटने. त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. पुढची दहा वर्षं हेवीवेटचा सुवर्णकाळ होता आणि हा गडी त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या नावापुढे उभा राहिला. फ्लॉइड पॅटरसनशी आधी बरोबरी, मग विजय. १९७० मध्ये मॅक फॉस्टरला हरवलं. फॉस्टर तोवर २४ लढतींत २४ नॉकआउट घेऊन आला होता. १९७३ मध्ये अपराजित रॉन लाइलला बारा फेऱ्या असं नाचवलं की ती लढत आजही शिकवण्यासारखी आहे. कारकीर्दीचा हिशेब: ५३ विजय, ९ पराभव, ४ बरोबरी. विजयांपैकी ३२ नॉकआउट.

उंची जेमतेम सहा फूट, वजन दोनशे पौंडांच्या आसपास. त्या काळी क्रुझरवेट हा हेवीवेटच्या खालचा गटच नव्हता, तो आला १९७९ च्या शेवटी. आजच्या नियमांत तो क्रुझरवेटमध्ये खेळला असता आणि जगज्जेतेपदाचा पट्टा कमावला असता असं माझं ठाम मत आहे.

तिसरी_घंटा
+१. लाइलची लढत मी चार वेळा पाहिली आहे. दोरांना पाठ लावून समोरच्याला बोलवायचं, ठोसा येऊ द्यायचा आणि त्याच क्षणी आपला सोडायचा. असा काउंटरपंचर विरळा.

रानवारा
जुनाचाहता, १९६८ ची जिमी एलिसबरोबरची लढत राहिली की! ऑकलंडला झाली होती. अलीचा किताब काढून घेतल्यावर डब्ल्यूबीएने (वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन) आठ जणांची स्पर्धा घेतली, तिची अंतिम फेरी. क्वॉरी पंधरा फेऱ्या खेळून गुणांवर हरला, आणि पाठीला दुखापत असताना खेळला. पट्ट्याच्या इतक्या जवळ तो पुन्हा कधी गेला नाही.

जुनाचाहता
रानवारा, बरोबर. ती आठवण नको वाटते म्हणून राहिली. पुढच्याच वर्षी फ्रेझियर. ती लढत ‘द रिंग’ मासिकाने १९६९ ची वर्षातली सर्वोत्तम लढत ठरवली. पहिल्या फेरीत क्वॉरी काउंटरपंचिंग सोडून सरळ फ्रेझियरशी ठोशाला ठोसा लावून भिडला. प्रेक्षक वेडे झाले. सातव्या फेरीनंतर डोळ्याची अवस्था बघून डॉक्टरांनी थांबवलं.

शंकासुर
धागा छान, पण माझं मत थोडं वेगळं आहे. थांबवायचं काम त्याचं स्वतःचं होतं, दुसऱ्या कोणाचंही नाही. सज्ञान माणूस होता. पर्वत चढणारे मरतात, मोटारींच्या शर्यतीत माणसं जातात, आपण त्यांना थांबवतो का? बॉक्सिंगने त्याला नाव दिलं, पैसा दिला. कारकीर्दीत त्याने वीस लाखांहून जास्त डॉलर कमावले. जोखीम ठाऊक असून खेळला. त्याच्या निवडीचा मान ठेवायला हवा.

दुसरं म्हणजे माजी हेवीवेट जगज्जेता जॉर्ज फोरमन. दहा वर्षांनी परतला, सगळे ‘आता जिवाला मुकणार’ म्हणत होते, आणि १९९४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी मायकेल मूररला नॉकआउट करून जगज्जेता झाला. ७६ वर्षं जगला. त्याला कोणी थांबवलं असतं तर?

अक्षरगंध
शंकासुर, फोरमनचा मुद्दा पटला. पण ‘जोखीम ठाऊक असून’ हे पटलं नाही. १९६५ मध्ये वीस वर्षांच्या मुलाला काय ठाऊक असणार होतं?

नाडीपरीक्षा
मी मज्जाविकारांच्या रुग्णांवर उपचार करते. अक्षरगंध यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्रासदायक आहे: त्या मुलाला ठाऊक नव्हतं, पण वैद्यकाला होतं.

हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच ‘पंच ड्रंक’ याच शीर्षकाने निबंध लिहिला. म्हणजे जेरीच्या जन्माच्या सतरा वर्षं आधी. पाय ओढत चालणं, जीभ जड होणं, हात थरथरणं, विचार मंदावणं, हे सगळं त्यात आहे. १९३७ मध्ये ‘डिमेन्शिया प्युजिलिस्टिका’ हे नाव पडलं. क्वॉरीचं पुढे जे निदान झालं ते हेच. १९६९ मध्ये, म्हणजे फ्रेझियरशी पहिली लढत झाली त्याच वर्षी, ब्रिटनमध्ये रॉबर्ट्स यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २२४ निवृत्त व्यावसायिक बॉक्सर तपासले. त्यांतल्या ३७ जणांच्या मज्जासंस्थेत बॉक्सिंगशी जोडता येईल अशी इजा सापडली, साधारण १७ टक्के. आणि १९७३ मध्ये, शेव्हर्सवाल्या वर्षीच, कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी पंधरा मृत बॉक्सरांचे मेंदू तपासून सविस्तर वर्णन केलं. मेंदूच्या दोन पोकळ्यांमधला पातळ पडदा फाटलेला, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत व्रण, हालचालींसाठी लागणाऱ्या काळ्या पेशींचा थर फिका पडलेला, आणि चेतापेशींमध्ये प्रथिनांच्या गुंत्यांचे पुंजके.

हे काय होतं ते साध्या शब्दांत सांगते. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, द्रवात तरंगत असतो. हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, हनुवटीवर लागला की डोकं गर्रकन वळतं, मेंदू जरा मागे राहतो, आणि या ओढाताणीत चेतातंतू ताणले जातात. नॉकआउट व्हायलाच हवं असं नाही. रोजच्या सरावातले, ज्यांच्याकडे कोणी लक्षही देत नाही, असे हजारो ठोसे साठत जातात. पुढे चेतापेशींतलं टाऊ नावाचं प्रथिन बिघडतं आणि त्याचे गुंते पसरतात. मार लागायचा थांबला तरी हे पसरणं थांबेलच असं नाही. आज याला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) म्हणतात. खात्रीचं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं, जिवंतपणी फक्त दाट संशय घेता येतो.

शंकासुर, आता तुमचा मुद्दा. पर्वत चढणाऱ्याचा पाय मोडला तर ‘आता चढू नकोस’ हे त्याचं डोकं त्याला सांगतं. बॉक्सरच्या बाबतीत इजा होते ती त्या डोक्यालाच. धोका तोलणं, आवेग आवरणं, स्वतःत झालेला बदल ओळखणं ही कामं मेंदूचा जो पुढचा भाग करतो, तोच पोखरला जातो. माझ्यासमोर बसलेले रुग्ण मला मनापासून सांगतात की डॉक्टर, मला काहीच झालेलं नाही. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच कळत नसतं. १९९२ च्या क्वॉरीची निवड ही १९६५ च्या क्वॉरीची निवड नव्हती.

तिसरी_घंटा
डॉक्टर, शेवटचा परिच्छेद वाचून सुन्न झालो. वाचनखूण साठवली.

शंकासुर
डॉक्टरताई, हा विचार मी केला नव्हता, प्रामाणिकपणे सांगतो. पण फोरमनचं काय? त्यानेही कमी मार खाल्ला नाही.

नाडीपरीक्षा
चांगला प्रश्न आहे. सगळ्यांना होत नाही हे खरं. किती वर्षं, किती फेऱ्या, किती सराव, वय काय, यावर बरंच अवलंबून. मधे घेतलेल्या दहा वर्षांच्या विश्रांतीचा फोरमनला फायदा झाला असेल असं वाटू शकतं, पण एका माणसावरून तसं ठरवता येणार नाही. अनुवंशिकतेचाही भाग आहे. १९९७ मध्ये तीस बॉक्सरांवर एक अभ्यास झाला. एपीओई-ई-४ हे जनुक असलेल्यांमध्ये, जास्त लढती खेळल्या असतील तर, इजा जास्त गंभीर दिसली. अभ्यास छोटा होता, पण दिशा दाखवणारा. अडचण ही की कोण फोरमन आणि कोण क्वॉरी हे रिंगमध्ये उतरण्याआधी कोणालाच सांगता येत नाही.

निर्मोही
एक भाबडी शंका. हेडगिअर घातलं की हे टळतं ना? मग व्यावसायिक लढतींत सक्ती का करत नाहीत?

जॅबवाला
निर्मोही, नाही टळत. मी नऊ वर्षं हौशी बॉक्सिंग खेळलो, मिडलवेट. हेडगिअरमुळे भुवई फाटत नाही, कान सुजत नाही, डोक्याला डोकं आपटलं तर वाचतं. पण डोकं वळायचं ते वळतंच, उलट जाडीमुळे डोकं मोठं होतं आणि बाजूचा ठोसा दिसत नाही. २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या हौशी स्पर्धांतून हेडगिअर काढूनच टाकलं. रिओ ऑलिंपिकला पुरुष त्याशिवाय खेळले. त्या निर्णयावर वाद आहेत, पण ‘हेडगिअर म्हणजे मेंदूचं चिलखत’ ही समजूत चुकीची आहे.

ग्लोव्हजचंही तेच. ग्लोव्हज मारणाऱ्याची मूठ वाचवतात. उघड्या मुठीने कवटीवर मारलं तर हाड मोडतं, म्हणून माणूस जपून मारतो. ग्लोव्हज घातले की डोक्यावर मनसोक्त मारता येतं.

आणि डॉक्टरांनी सरावाबद्दल लिहिलं ते सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावं. लोक लढती मोजतात. लढती वर्षाला पाच-सहा, स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, आठवड्याला तीन दिवस. आमच्याकडे एक मोठा, दणकट मुलगा होता. ‘हा कितीही मार खातो’ म्हणून त्याचं कौतुक व्हायचं आणि जो मोठ्या लढतीची तयारी करतोय त्याच्यासमोर दरवेळी त्यालाच उभं करायचे. त्याने स्वतः अकराच लढती खेळल्या. आज तो तिशीत आहे आणि बोलता बोलता वाक्य विसरतो. निदान झालेलं नाही, त्यामुळे मी काही म्हणत नाही. पण आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो हे मला विसरता येत नाही.

पाऊलवाट, भाचा अंगाने मोठा आहे म्हणालात ना? त्याला विचारा, स्पॅरिंगला समोर कोण असतं आणि किती वेळा.

संध्याछाया
मला बॉक्सिंगमधलं काहीच कळत नाही. स्मृतिभ्रंश हा शब्द शोधताना या धाग्यावर आले आणि सगळा वाचून काढला. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता (बॉक्सिंगशी संबंध नाही), आठ वर्षं मी त्यांचं केलं. जेरीला शेवटी कोण बघत होतं? कोणी सांगेल का?

जुनाचाहता
संध्याछायाताई, त्याचा भाऊ जेम्स आणि आई. चार भावांपैकी जेम्स व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरला नाही. जेरीला आंघोळ, दाढी, कपडे, सगळ्याला मदत लागायची. पंचविशीत मॅडिसन स्क्वेअर गार्डन डोक्यावर घेणारा माणूस पन्नाशीत घराबाहेर पडला तर वाट चुकायचा. १९९५ मध्ये त्याला वर्ल्ड बॉक्सिंग हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. तिथे लोक सहीसाठी आले तेव्हा त्याला आपलं नाव लिहायलाही आधार लागत होता. जेम्सने पुढे निवृत्त बॉक्सरांच्या मदतीसाठी जेरीच्या नावाने एक प्रतिष्ठान सुरू केलं.

शेवट न्यूमोनियाने झाला, मग हृदय बंद पडलं.

संध्याछाया
धन्यवाद. शर्टाची बटणं लावताना बाबा माझ्या बोटांकडे बघत राहायचे, जणू ती काहीतरी जादू करतायत. जेम्सनेही ते बघितलं असेल. तेही एकेकाळी ठोसे मारणाऱ्या हातांकडे पाहताना. मला जेरीपेक्षा त्याचंच जास्त वाटतंय.

अक्षरगंध
ताई, तुमच्या प्रतिसादाला उत्तर सुचत नाही. आठ वर्षं केलंत, नमस्कार.

रानवारा
या घराची गोष्ट इथे संपत नाही. धाकटा भाऊ माइक लाइट हेवीवेट होता. २७ जून १९७२, लास व्हेगास. एकाच रात्री, एकाच रिंगमध्ये माइक विरुद्ध बॉब फॉस्टर आणि जेरी विरुद्ध अली. चौथ्या फेरीत फॉस्टरच्या डाव्या हूकने माइक असा पडला की काही मिनिटं हललाच नाही. जेरी तिथेच होता. भाऊ जिवंत आहे की नाही या धास्तीतून सावरून त्याने थोड्याच वेळात स्वतः ग्लोव्हज चढवले आणि अलीसमोर गेला. सातव्या फेरीत लढत थांबवली गेली.

माइक २००६ मध्ये गेला, ५५ वर्षांचा होता. आजार तोच.

निर्मोही
भाऊ समोर बेशुद्ध पडलेला असताना लढायला लावलं? ती लढत रद्द का केली नाही कोणी?

रानवारा
तिकिटं विकली गेली होती. आणि घराचं ब्रीद जुनाचाहता यांनी वर लिहिलंच आहे.

शंकासुर
थोडं अवांतर, पण अलीचा विषय निघालाच आहे तर: अलीचा पार्किन्सन्स बॉक्सिंगमुळेच का? साध्या माणसांनाही होतो तो.

नाडीपरीक्षा
ठामपणे ‘फक्त बॉक्सिंगमुळे’ असं म्हणता येत नाही. निदान १९८४ मध्ये झालं, वय ४२. इतक्या लवकर येणाऱ्या पार्किन्सन्समागे इतरही कारणं असू शकतात. पण डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे धोका वाढतो हे मान्य झालेलं आहे.

अलीचं उदाहरण मूळ प्रश्नाशीही जोडलेलं आहे. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सशी लढत ठरली तेव्हा त्याला मेयो क्लिनिकमध्ये तपासायला पाठवलं होतं. अहवालात नोंद होती की बोट नाकाला लावताना थोडं चुकतं, एका पायावर नीट उड्या मारता येत नाहीत. तरीही नेव्हाडात परवाना मिळाला. त्या रात्री त्याने दहा फेऱ्या मार खाल्ला, आणि पुढच्या वर्षी आणखी एक लढत खेळला. त्याचे जुने रिंगसाइड डॉक्टर फर्डी पचेको १९७७ मध्येच त्याला सोडून गेले होते, कारण थांब म्हटलेलं कोणी ऐकत नव्हतं.

जुनाचाहता
डॉक्टर, क्वॉरीच्या बाबतीतही कागद होता! १९८३ मध्ये एका नावाजलेल्या अमेरिकी क्रीडा साप्ताहिकाने बॉक्सरांच्या मेंदूवर मोठा लेख केला. आदल्या नोव्हेंबरात डुक कू किम हा कोरियन बॉक्सर रे मॅन्सिनीशी लढून गेला होता, त्यामुळे विषय पेटलेला होता. लेखासाठी क्वॉरीची तपासणी झाली. वय ३७, बोलणं-चालणं ठणठणीत, स्वतःला पूर्ण बरा समजणारा. स्कॅनमध्ये दोष दिसला आणि आकलनाच्या चाचण्यांत तो मागे पडला. छापून आलं, लाखोंनी वाचलं. त्याच वर्षी तो दोन लढती खेळला.

अक्षरगंध
म्हणजे सगळ्यांना ठाऊक असताना?

जुनाचाहता
हो. आणि त्यानंतर नऊ वर्षांनी ऑरोरा. कोलोरॅडोच का, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडायचा. उत्तर अगदी साधं निघालं. त्या वेळी कोलोरॅडोत बॉक्सिंग कमिशनच नव्हतं. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्य वेगळा देतं. जिथे कमिशन आहे तिथे डॉक्टर बघणार, कागद मागणार. जिथे नाही तिथे विचारणाराच कोणी नाही. रिंग उभी करा, दोन माणसं आणा, तिकीट विका.

पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच. त्याला थांबवायचं काम कोणाचंच नव्हतं, म्हणून तो त्या रात्री रिंगमध्ये होता.

जॅबवाला
यावर पुढे कायदा झाला हेही नोंदवतो. १९९६ चा व्यावसायिक बॉक्सिंग सुरक्षा कायदा. ज्या राज्यात कमिशन नाही तिथे लढत घ्यायची तर दुसऱ्या राज्याच्या कमिशनची देखरेख सक्तीची. एका राज्याने वैद्यकीय कारणाने बंदी घातली तर ती इतरांनीही पाळायची. २००० मध्ये त्यात लढती भरवणाऱ्या प्रवर्तकांना आवर घालणारी भर पडली, अलीच्या नावाने. क्वॉरी तेव्हा नव्हता.

कॅलिफोर्नियात १९८२ पासून व्यावसायिक बॉक्सरांसाठी निवृत्तिवेतन आहे. अमेरिकेतल्या इतर कुठल्या राज्यात ते नाही.

निर्मोही
मग सरळ बंदीच का नको? एवढं सगळं वाचून माझं तरी हेच मत झालंय.

शंकासुर
बंदीने खेळ चोरून होतो, आणि चोरून झाला की डॉक्टरही नसतो. नॉर्वेने १९८१ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंग बंद केलं आणि २०१४ मध्ये बंदी उठवली. त्यांचे खेळाडू दुसऱ्या देशांत जाऊन खेळतच होते. माझं पहिलं मत मी बदलतोय, पण बंदीपर्यंत नाही. परवाना देणाऱ्याने दरवर्षी मेंदूची चाचणी घ्यावी, आधीच्या वर्षाशी ताडून बघावी, घसरण दिसली की परवाना संपला. खेळाडूने कितीही गयावया केली तरी.

नाडीपरीक्षा
शंकासुर, याच दिशेने काम चालू आहे. २०११ पासून क्लीव्हलँड क्लिनिकच्या लास व्हेगासच्या केंद्रात शेकडो लढवय्यांची वर्षानुवर्षं तपासणी होते: एमआरआय, स्मरणशक्ती, प्रतिक्रियेचा वेग, बोलणं. एकदाच काढलेल्या फोटोपेक्षा दरवर्षी काढलेला फोटो बरंच काही सांगतो. क्वॉरी १९८३ मध्ये ‘ठीक दिसत’ होता. १९७३ चा कागद शेजारी ठेवायला असता तर फरक कदाचित दिसला असता.

पाऊलवाट
दोन दिवस इथे यायला जमलं नाही, आत्ता एका बैठकीत सगळे प्रतिसाद वाचले. एकेकाचे आभार मानत बसलो तर रात्र होईल.

काल भाच्याशी बोललो. मी भाषणाची तयारी करून गेलो होतो, तो माझ्याआधी सुरू झाला. त्याला क्वॉरीचा शेवट माहीत होता. मला वाईट वाटेल म्हणून सांगितला नव्हता म्हणे. मी जॅबवाला यांचा प्रश्न विचारला, स्पॅरिंगला समोर कोण असतं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, बावीस-तेवीस वर्षांचे दोघे, आठवड्यातून चार वेळा. “सर म्हणतात मी खूप खातो.” हे त्याने अभिमानाने सांगितलं. जॅबवाला, तुमचा तो मुलगा माझ्या डोळ्यासमोर आला.

तो सोळाचा आहे, बावीसचाही नाही, सत्तेचाळीसचा तर नाहीच. त्याला थांबवायचं काम कोणाचं हे आता मला इथे विचारायला नको. उद्या त्याच्या आईला घेऊन प्रशिक्षकांना भेटतोय. खेळ सोडवायचा नाही, तसा त्याला शब्द दिलाय. पण डोक्यावरचं स्पॅरिंग बंद करा, निदान मोठ्यांबरोबरचं, हे सांगणार. नाही म्हणाले तर दुसरी व्यायामशाळा शोधू.

डॉक्टर, पुढे ताडून बघायला त्याच्या मेंदूची चाचणी आत्ताच करून ठेवायची झाली तर कोणाकडे जायचं?

नाडीपरीक्षा
मज्जाविकारतज्ज्ञाकडे जा आणि ‘पुढे तुलनेसाठी आकलनाची चाचणी हवी’ असं स्पष्ट सांगा. ती बहुधा न्यूरोसायकॉलॉजिस्ट घेतात. एमआरआयची या वयात, लक्षण नसताना, घाई नको. पण एकदाही डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली, काही क्षण काही आठवेना असं झालं असेल तर तारखेसकट लिहून ठेवा आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत रिंगमध्ये पाऊल नाही. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला तर लहान वयात ते जिवावर बेतू शकतं. हे त्याच्या प्रशिक्षकांनाही सांगा.

जॅबवाला
आणि प्रशिक्षक ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणाले तर मला निरोप पाठवा. मी येतो बरोबर.

संध्याछाया
पाऊलवाट, उद्या काय झालं ते इथे नक्की लिहा. मी वाट बघतेय.

जुनाचाहता
भाच्याला शेव्हर्सची लढत पुरे झाली म्हणावं, ती अडीच मिनिटांत संपते. आता लाइलची दाखवा, बाराच्या बारा फेऱ्या. क्वॉरी कसा मारतो हे त्याला माहीतच आहे. त्या रात्री तो किती ठोसे चुकवतो ते मोजायला सांगा.